जावामधून बाहेरची कमांड चालवताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स तिच्यापर्यंत का पोहोचत नाहीत?

प्रश्न
सदस्य: टंकलेखक

नमस्कार. माझा जावा प्रोग्राम लिनक्सवर चालतो आणि अहवालांचे रूपांतर करण्यासाठी तो बाहेरचे एक कमांड-लाइन टूल वापरतो. हे टूल नेहमीच्या फोल्डरांमध्ये नसून स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात आहे आणि त्याच्यासोबत ‘सेटअप.एसएच’ नावाची एक छोटी फाइल येते. ही फाइल तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या नाव-किंमत जोड्या) एक्सपोर्ट करते, म्हणजे पुढे चालणाऱ्या प्रोग्रामांना मिळतील अशी ठेवते: टूलचे मूळ फोल्डर सांगणारे ‘टूल_होम’, टूलच्या ‘बिन’ फोल्डरची भर घातलेला ‘पाथ’ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) आणि त्याच्या लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारे ‘एलडी_लायब्ररी_पाथ’. टर्मिनलमध्ये ही फाइल आधी ‘सोर्स’ करून (म्हणजे त्याच टर्मिनलमध्ये तिच्यातल्या ओळी चालवून) मग टूलचे नाव टाइप केले की सर्व काही सुरळीत चालते. जावामधून मात्र तेच काम होत नाही, आणि प्रत्येक वेळी अडते ते निराळ्याच ठिकाणी.

सुरुवातीला मी ‘रनटाइम’ वर्गाच्या ‘एक्झेक’ मेथडला ‘सोर्स सेटअप.एसएच’ ही स्ट्रिंग दिली आणि त्यापुढच्या ओळीत टूल चालवले. पहिल्याच ओळीला ‘सोर्स’ हा प्रोग्राम चालवता येत नाही, एरर=२, अशी फाइल किंवा फोल्डर नाही, असा संदेश आला. मग टूलचा पूर्ण पत्ता देऊन ‘$टूल_होम/टेम्प्लेट्स’ हे आर्ग्युमेंट पाठवले, तेव्हा टूल सुरू झाले, पण त्याने डॉलर चिन्हासकट त्याच नावाचे फोल्डर शोधले आणि ते नसल्याची तक्रार केली. त्यानंतर ‘प्रोसेसबिल्डर’ घेतला, त्याच्या ‘एन्व्हायर्नमेंट’ मॅपमध्ये वाढवलेला ‘पाथ’ टाकला आणि टूलचे नुसते नाव दिले. मॅप छापून पाहिला तर त्यात नवा ‘पाथ’ अगदी बरोबर दिसतो, तरीही पुन्हा एरर=२. शेवटी ‘एक्झेक’च्या दुसऱ्या रूपात तिन्ही व्हेरिएबल्सचा ॲरे दिला. तेव्हा टूल सुरू झाले, पण त्याला वापरकर्त्याचे होम फोल्डरच सापडेना.

यातला तिसरा प्रकार मला सर्वांत कोड्यात टाकतो. मॅपमध्ये ‘पाथ’ बरोबर असताना प्रोग्राम सापडत नाही, हे कसे? हा प्रोग्राम पुढे सर्व्हरवर सिस्टमडी या लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेची सर्व्हिस म्हणून चालणार आहे आणि त्याची एक आवृत्ती विंडोजवरही लागणार आहे. त्यामुळे तात्पुरता उपाय नको. नेमके काय घडते ते समजून घ्यायचे आहे.


उत्तर
सदस्य: मुळापासून

तुमच्या चारही प्रयत्नांत दिसणारी अडचण वेगळी असली, तरी त्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. जावा कमांड चालवताना शेलला, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, मध्ये घेत नाही. आणि एन्व्हायर्नमेंट ही सर्व प्रोसेसना (चालू प्रोग्रामांना) सामाईक अशी जागा नसून, प्रत्येक प्रोसेस सुरू होताना तिच्या हाती दिलेली स्वतंत्र प्रत असते.

टर्मिनलमध्ये तुम्ही एक ओळ टाइप करता तेव्हा ती आधी शेल वाचते. शब्द वेगळे करणे, अवतरणचिन्हे काढणे, डॉलर चिन्हामागच्या नावाऐवजी त्याची किंमत घालणे, ‘पाथ’मधल्या फोल्डरांत प्रोग्राम शोधणे ही सगळी कामे शेलची आहेत, कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याची) नाहीत. जावा थेट कर्नलकडे जातो. ‘एक्झेक’ला एकच स्ट्रिंग दिली तर जावा ती फक्त मोकळ्या जागांवर तोडतो, अवतरणचिन्हांनासुद्धा तिथे काही अर्थ नसतो, त्यामुळे नावात मोकळी जागा असलेली फाइल दिली की तिचे दोन तुकडे होतात. या सवयीमुळे इतके घोळ झाले की एकच स्ट्रिंग घेणारी ‘एक्झेक’ची रूपे जावा १८ मध्ये ‘डेप्रिकेटेड’ (यापुढे वापरू नयेत अशी) ठरवण्यात आली. नव्या कोडमध्ये ती मुळीच वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ‘सोर्स’. हा डिस्कवरचा प्रोग्राम नाही. ती बॅश या शेलची अंगभूत कमांड आहे, म्हणून त्या नावाची फाइल शोधणाऱ्या जावाला ती मिळत नाही. समजा तुम्ही ती बॅशमार्फत चालवली असती, तरी उपयोग झाला नसता. व्हेरिएबल्स त्या बॅश प्रोसेसच्या प्रतीत सेट झाली असती आणि प्रोसेस संपताच तिच्याबरोबर नाहीशी झाली असती. चाइल्ड (सुरू केलेल्या) प्रोसेसने केलेला बदल पेरेंटकडे (ती सुरू करणाऱ्या प्रोसेसकडे) कधीच परत येत नाही, आणि म्हणून एका ‘एक्झेक’मध्ये केलेली तयारी दुसऱ्या ‘एक्झेक’ला दिसत नाही.

दुसऱ्या प्रयत्नाचे स्पष्टीकरण यातच आले. डॉलर चिन्हाचा अर्थ लावणारे शेल मध्ये नव्हते, म्हणून ती अक्षरे जशीच्या तशी टूलच्या हाती पडली. जावामध्ये ही किंमत तुम्हालाच घालावी लागते. पेरेंटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ती असेल तर ‘सिस्टम.गेटएन्व्ह’ने मिळते, तुमच्या बाबतीत ती सेटअप फाइलमध्येच जन्माला येते, त्यामुळे ‘गेटएन्व्ह’ ‘नल’ देईल. टूलचे मूळ फोल्डर प्रोग्रामच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा आणि बाकीचे पत्ते त्यावरून तयार करा.

तिसरा प्रयत्न खरोखरच फसवा आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. ‘प्रोसेसबिल्डर’चा मॅप चाइल्ड प्रोसेसला दिला जातो, आणि तुमचा वाढवलेला ‘पाथ’ तिला मिळालाही असता. परंतु ती सुरू होण्याआधी ‘कोणता प्रोग्राम चालवायचा’ हा प्रश्न सुटायला हवा. युनिक्स प्रणालींवर ओपनजेडीके (जावाची मुक्त-स्रोत आवृत्ती) नुसत्या नावाचा शोध घेताना पेरेंटचा, म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन सुरू झाले तेव्हाचा ‘पाथ’ वापरतो. मॅपमधला ‘पाथ’ त्या शोधात पाहिलाच जात नाही. ओपनजेडीकेच्या सी भाषेतल्या स्रोतात त्या जागी ‘पेरेंटचा पाथ शोधायचा, चाइल्डचा नव्हे’ अशा अर्थाची टिप्पणीसुद्धा आहे, म्हणजे हे नजरचुकीने घडलेले नाही. तुमचे टूल सुरू झाल्यावर त्याने आणखी एखादा प्रोग्राम नुसत्या नावाने हाक मारली, तर तो मात्र नव्या ‘पाथ’नुसार शोधला जाईल. म्हणून टूलचे नाव पूर्ण पत्त्यासह द्यावे हा सर्वांत सरळ मार्ग. पत्ता आधी ठाऊक नसेलच, तर ‘/युएसआर/बिन/एन्व्ह’ला पहिला घटक करून टूलचे नाव दुसऱ्या घटकात द्यावे, ‘एन्व्ह’ स्वतः चाइल्ड असल्यामुळे तो नवा ‘पाथ’ घेऊन शोध करतो.

याच संदर्भात एक सूचना. एरर=२ दिसला म्हणजे प्रोग्रामच हरवला आहे असे लगेच समजू नका. ‘डिरेक्टरी’ मेथडने दिलेले कार्यरत फोल्डर अस्तित्वात नसेल, किंवा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर त्या यंत्रावर नसेल, तरीही हाच आकडा येतो.

चौथ्या प्रयत्नात ‘एक्झेक’ला दिलेला ॲरे आधीच्या व्हेरिएबल्समध्ये भर घालत नाही, तो त्यांची जागाच घेतो. ॲरेच्या जागी ‘नल’ दिले तर पेरेंटची सर्व व्हेरिएबल्स मिळतात, ॲरे दिला तर फक्त त्यातली. तुम्ही तीन दिली, टूलला तीनच मिळाली, आणि ‘होम’ त्यांत नव्हते. शिवाय ॲरेतल्या एखाद्या घटकात बरोबरचे चिन्ह विसरले, तर युनिक्सवर जावा तो घटक काहीही न बोलता टाकून देतो. ‘प्रोसेसबिल्डर’चा मॅप मुळातच पेरेंटच्या व्हेरिएबल्सची प्रत असतो, त्यामुळे तिथे भर घालणे ही खरोखर भरच ठरते. जावा ५ मध्ये हा वर्ग आल्यापासून या कामासाठी दुसरे काही वापरण्याचे कारण उरलेले नाही.

या सर्वांचा विचार करून कोड साधारण असा होईल:

स्ट्रिंग लिब = टूलहोम + "/लिब";
प्रोसेसबिल्डर पीबी = न्यू प्रोसेसबिल्डर(टूलहोम + "/बिन/रूपांतर", "-टी", टूलहोम + "/टेम्प्लेट्स", इनपुट);
मॅप<स्ट्रिंग, स्ट्रिंग> एन्व्ह = पीबी.एन्व्हायर्नमेंट();
एन्व्ह.पुट("टूल_होम", टूलहोम);
स्ट्रिंग जुना = एन्व्ह.गेट("एलडी_लायब्ररी_पाथ");
एन्व्ह.पुट("एलडी_लायब्ररी_पाथ", जुना == नल || जुना.इझएम्प्टी() ? लिब : लिब + फाइल.पाथसेपरेटर + जुना);
पीबी.इनहेरिटआयओ();
प्रोसेस पी = पीबी.स्टार्ट();

शेवटून तिसऱ्या ओळीतली अट अनावश्यक वाटेल, पण ती गाळू नका. जुनी किंमत नसताना थेट जोडणी केली तर जावा ‘नल’ हा शब्दच स्ट्रिंगमध्ये घालतो आणि टूल त्या नावाच्या फोल्डरात लायब्ररी शोधू लागते. जुनी किंमत रिकामी असताना जोडणी केली तर शेवटी नुसता अपूर्णविरामासारखा विभाजक उरतो, आणि ‘पाथ’ व ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या दोन्हींत रिकाम्या घटकाचा अर्थ ‘सध्याचे फोल्डर’ असा होतो. ज्या फोल्डरात इतर कोणी फाइल टाकू शकतो तिथे प्रोग्राम चालत असेल, तर ही सुरक्षेतली फट आहे.

मॅपमध्ये ‘नल’ किंमत टाकता येत नाही, लगेच ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ येते. व्हेरिएबल नको असेल तर ‘रिमूव्ह’ वापरावे. रिकामी स्ट्रिंग ठेवणे म्हणजे काढून टाकणे नव्हे. अनेक प्रोग्राम व्हेरिएबल आहे की नाही एवढेच पाहतात, त्यात काय आहे ते पाहत नाहीत.


उत्तर
सदस्य: ओळीमागून_ओळ

वरचे स्पष्टीकरण अचूक आहे, परंतु उपायाच्या एका भागाशी मी सहमत नाही. सेटअप फाइलमधली व्हेरिएबल्स जावाच्या कोडमध्ये पुन्हा लिहिली की ती माहिती दोन ठिकाणी राहते. टूलची पुढची आवृत्ती आली, सेटअप फाइलमध्ये चौथे व्हेरिएबल आले, की जावा प्रोग्राम बिघडेल आणि कारण शोधताना ती फाइल पाहण्याचे कोणाला सुचणार नाही. फाइल टूलसोबतच येत असेल तर तिलाच प्रमाण मानावे आणि त्यासाठी शेल जाणीवपूर्वक मध्ये घ्यावे.

शेल वापरताना लोक सहसा सगळी कमांड एका लांब स्ट्रिंगमध्ये जोडतात, आणि खरा धोका तिथे आहे. फाइलच्या नावात अवतरणचिन्ह किंवा अर्धविराम आला की शेल त्याला कमांडचा भाग समजते. ते नाव वापरकर्त्याकडून येत असेल तर तो तुमच्या सर्व्हरवर हवी ती कमांड चालवू शकतो. म्हणून शेलला दिलेली स्ट्रिंग कायम स्थिर ठेवावी आणि बदलणारे सर्व काही वेगळ्या घटकांतून पाठवावे. ‘प्रोसेसबिल्डर’ला क्रमाने हे घटक द्यावेत: ‘/बिन/एसएच’, मग ‘-सी’, मग पुढील स्थिर स्ट्रिंग

. "$१"; शिफ्ट; एक्झेक "$@"

आणि त्यानंतर ‘एसएच’ हा शब्द, सेटअप फाइलचा पूर्ण पत्ता, टूलचे नाव आणि टूलची आर्ग्युमेंट्स. स्ट्रिंगनंतरचा पहिला घटक शेल स्वतःच्या नावासाठी घेते, म्हणून तिथे ‘एसएच’ हा शब्द भरीला ठेवावा लागतो; तो विसरला तर सगळे घटक एकेका जागेने सरकतात आणि सेटअप फाइलचा पत्ताच शेलचे नाव बनतो. शेल पहिल्या आर्ग्युमेंटमधली फाइल वाचते, ‘शिफ्ट’ने ते आर्ग्युमेंट बाजूला करते आणि उरलेले सर्व जसेच्या तसे टूलला देते. टूलचा शोध आता शेल घेत असल्यामुळे नुसते नावही चालते, कारण सेटअप फाइलने वाढवलेला ‘पाथ’ तोपर्यंत लागू झालेला असतो.

यातला ‘एक्झेक’ हा शब्द गाळू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जावाच्या दृष्टीने ‘प्रोसेस’ म्हणजे शेल. ‘एक्झेक’ नसेल तर शेल टूलला स्वतःचे चाइल्ड म्हणून चालवू शकते. मग वेळ संपली म्हणून तुम्ही ‘डिस्ट्रॉय’ केलेत की शेल मरते आणि टूल मागे चालूच राहते, प्रोसेसर आणि मेमरी खात. ‘एक्झेक’मुळे शेलची जागा टूल घेते, प्रोसेसचा क्रमांक तोच राहतो आणि ‘डिस्ट्रॉय’ योग्य जागी पोहोचतो. बाहेर पडतानाचा कोडही थेट टूलचा मिळतो. तो १२७ आला तर शेलला कमांड सापडली नाही असे समजावे. १२६ आला तर फाइल सापडली पण ती चालवता आली नाही.

‘सोर्स’ऐवजी मी नुसता टिंब वापरला आहे, त्याचे कारण डेबियन आणि उबुंटूवर ‘/बिन/एसएच’ म्हणजे बॅश नसून डॅश हे दुसरे शेल आहे, आणि डॅशला ‘सोर्स’ ही कमांड ठाऊक नाही. टिंब दोघांनाही कळतो. सेटअप फाइलच बॅशच्या खास सोयी वापरत असेल, तर पहिल्या घटकात बॅशचा पत्ता द्यावा.


उत्तर
सदस्य: मुळापासून

माहिती दोन ठिकाणी राहू नये हा मुद्दा मला मान्य आहे. टूल दिवसभरात हजारो वेळा चालवायचे असेल तर दर वेळी सेटअप फाइल वाचण्याऐवजी आणखी एक मार्ग आहे. प्रोग्राम सुरू होताना एकदाच शेलमार्फत सेटअप फाइल वाचून लगेच ‘एन्व्ह -०’ चालवावे, त्याचे आउटपुट बाइट्समध्ये घ्यावे आणि शून्य बाइटवर तोडावे. नुसते ‘एन्व्ह’ वापरून ओळींवर तोडू नये, कारण व्हेरिएबलच्या किमतीत नवी ओळ असू शकते. मिळालेल्या यादीतून ‘पीडब्ल्यूडी’, ‘एसएचएलव्हीएल’ आणि अधोरेखेच्या नावाचे व्हेरिएबल वगळून उरलेली व्हेरिएबल्स प्रत्येक ‘प्रोसेसबिल्डर’च्या मॅपमध्ये घालावीत. सेटअप फाइल स्वतः काही मजकूर छापत असेल तर तो आउटपुटमध्ये मिसळतो, तेवढा दुसरीकडे वळवावा.


प्रतिसाद
सदस्य: टंकलेखक

दोघांचेही मनापासून आभार. पूर्ण पत्ता दिल्यावर टूल चालले आणि स्थिर स्ट्रिंगची पद्धतही चालली. मी दुसरी ठेवतो आहे. आता सर्व्हरवर दोन नव्या गोष्टी दिसल्या. ‘.बॅशआरसी’मध्ये एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल्स सर्व्हिसला मिळत नाहीत. दुसरे असे की हे टूल आतून स्वतःचा एक जावा प्रोग्राम सुरू करते, आणि चाचणीच्या सर्व्हरवर तो सुरू होतानाच पोर्ट ५००५ आधीच वापरात असल्याचे सांगून बंद पडतो. त्या टूलचा पोर्टशी काही संबंध नाही. टूलला डेटाबेसचा पासवर्डही द्यावा लागतो. तो आर्ग्युमेंटमधून द्यावा की व्हेरिएबलमधून?


उत्तर
सदस्य: रात्रपाळी

पोर्टची गोष्ट आधी, कारण तिचे उत्तर एन्व्हायर्नमेंटमध्येच आहे. चाचणीच्या सर्व्हरवर तुमच्या मुख्य प्रोग्रामला डीबगर जोडण्यासाठी कोणीतरी ‘जावा_टूल_ऑप्शन्स’ या व्हेरिएबलमध्ये डीबग एजंट आणि पोर्ट ५००५ लिहून ठेवलेला असण्याची दाट शक्यता आहे. हे व्हेरिएबल प्रत्येक जावा व्हर्च्युअल मशीन सुरू होताना वाचते. तुमच्या प्रोग्रामने ते वाचले आणि पोर्ट घेतला. टूलला ते वारशाने मिळाले, टूलकडून आतल्या जावाला मिळाले, आणि त्यानेही तोच पोर्ट मागितला. टूलच्या एरर प्रवाहात ‘पिक्ड अप जावा_टूल_ऑप्शन्स’ अशी ओळ आहे का ते पाहा. असेल तर शंका उरत नाही. उपाय म्हणजे ‘स्टार्ट’च्या आधी मॅपमधून ते व्हेरिएबल ‘रिमूव्ह’ करणे. जावा ९ पासून ‘जेडीके_जावा_ऑप्शन्स’ हे आणखी एक व्हेरिएबल ‘जावा’ ही कमांड वाचते, तेही काढावे. मेमरीची मर्यादा या व्हेरिएबल्समधून दिलेली असेल तर तीसुद्धा अशीच खाली उतरते, आणि लहानशा सहायक प्रोग्रामला मुख्य प्रोग्रामएवढी मेमरी राखून ठेवायला लावते.

याच्या उलट गैरसमजही वारंवार दिसतो. ‘-डी’ देऊन जावाला सांगितलेल्या सिस्टम प्रॉपर्टी म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स नव्हेत. त्या त्या एका व्हर्च्युअल मशीनपुरत्या असतात आणि कोणत्याही चाइल्डला मिळत नाहीत. जावा १.४ पर्यंत ‘गेटएन्व्ह’ वापरू नका, त्याऐवजी ‘-डी’ वापरा, असा अधिकृत सल्ला होता आणि ‘गेटएन्व्ह’ला हाक मारली की थेट एरर येत असे, जावा ५ ने ती मेथड पुन्हा सुरू केली. जुन्या लेखांतला तो सल्ला अजून फिरत असतो, तो सोडून द्यावा.

‘.बॅशआरसी’ ही फाइल माणूस टर्मिनल उघडून बसतो तेव्हासाठी असते. सिस्टमडी सर्व्हिस सुरू करताना ती वाचतच नाही. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनचीही तीच गोष्ट. उबुंटूवरच्या मूळ ‘.बॅशआरसी’च्या वरच्या ओळींतच शेल परस्परसंवादी नसेल तर तिथूनच परत फिरण्याची सूचना असते, त्यामुळे ती स्क्रिप्टमधून मुद्दाम वाचली तरी खालचे एक्सपोर्ट लागू होत नाहीत. सर्व्हिससाठीची व्हेरिएबल्स युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीसाठी सर्व्हिसचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) ‘एन्व्हायर्नमेंट=’ किंवा ‘एन्व्हायर्नमेंटफाइल=’ लिहून द्यावीत. दुसऱ्या प्रकारची फाइल शेल स्क्रिप्टसारखी दिसते, पण ती शेल वाचत नाही. तिच्यात ‘एक्सपोर्ट’ हा शब्द चालत नाही आणि डॉलर चिन्हामागच्या नावाचा विस्तार होत नाही, म्हणून तुमची सेटअप फाइल तिथे जशीच्या तशी लावू नका. युनिट फाइल बदलल्यावर ‘डीमन-रीलोड’ करून सर्व्हिस पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे. चालू असलेल्या प्रोसेसची प्रत बाहेरून बदलत नाही.

प्रत्यक्षात काय पोहोचले हे अंदाजाने ठरवू नये. चालू प्रोसेसचा क्रमांक घेऊन ‘/प्रॉक’खालील त्या क्रमांकाच्या फोल्डरातली ‘एन्व्हायरॉन’ ही फाइल वाचावी. तिच्यात प्रोसेस सुरू झाली तेव्हाची व्हेरिएबल्स शून्य बाइटने वेगळी केलेली असतात. ‘टीआर’ने त्या बाइटच्या जागी नवी ओळ घातली की यादी नीट वाचता येते. प्रोसेस लगेच संपत असेल तर त्याच ‘प्रोसेसबिल्डर’ला टूलऐवजी ‘एन्व्ह’ ही कमांड देऊन तिचे आउटपुट पाहावे. बहुतेक वाद या एका तपासणीने मिटतात.

पासवर्ड आर्ग्युमेंटमधून देऊ नका. लिनक्सवर प्रोसेसची यादी दाखवणारी ‘पीएस’ कमांड चालवणाऱ्या कोणालाही इतरांच्या प्रोसेसची आर्ग्युमेंट्स सहसा दिसतात. ‘एन्व्हायरॉन’ फाइल मात्र त्या प्रोसेसचा मालक आणि रूट (प्रशासक) यांनाच वाचता येते, म्हणून व्हेरिएबल हा त्यापेक्षा बरा पर्याय आहे. पण तोही पुढे टूलच्या प्रत्येक चाइल्डकडे जातो आणि क्रॅशच्या अहवालात छापला जाऊ शकतो. टूल पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवरून घेत असेल तर तोच मार्ग निवडावा. तुमच्या मुख्य प्रोग्रामकडे अशी आणखी गुपिते व्हेरिएबल्समध्ये असतील, तर टूलसाठी मॅप आधी ‘क्लिअर’ करून नेमकी हवी तेवढीच व्हेरिएबल्स भरणे मला योग्य वाटते. बाहेरून आलेल्या टूलला तुमच्या सर्व चाव्या वारशाने मिळण्याचे काहीच कारण नाही. ‘होम’, ‘पाथ’ आणि ‘लँग’ तेवढी परत घालायला विसरू नका.


उत्तर
सदस्य: बॅचफाइल

विंडोजच्या आवृत्तीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. विंडोज व्हेरिएबलच्या नावातल्या लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करत नाही, आणि ‘सिस्टम.गेटएन्व्ह’ला नाव दिले तर जावाही तिथे फरक करत नाही. ‘प्रोसेसबिल्डर’चा मॅप मात्र फरक करतो. विंडोजवर ‘पाथ’चे नाव सहसा पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान असे साठवलेले असते. तुम्ही सर्व अक्षरे मोठी लिहून मॅपमधून किंमत मागितली तर ‘नल’ मिळते, आणि तशीच नवी किंमत टाकली तर मॅपमध्ये दोन ‘पाथ’ होतात, त्यांतला कोणता लागू होईल याचा भरवसा नाही. म्हणून मॅपच्या नावांवरून फिरून ‘इक्वल्सइग्नोअरकेस’ने जुळणारे नाव आधी शोधावे आणि त्याच नावाखाली नवी किंमत ठेवावी.

वर दिलेला ‘फाइल.पाथसेपरेटर’ इथे आपोआप अर्धविराम होतो. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ला इथे अर्थ नाही; डीएलएल (विंडोजच्या लायब्ररींच्या) फाइली ‘पाथ’मधल्या फोल्डरांतही शोधल्या जातात, त्यामुळे लायब्ररीचे फोल्डर ‘पाथ’मध्येच घालावे. ‘क्लिअर’ केल्यावर ‘सिस्टमरूट’ नाहीसे होऊन प्रोग्राम बंद पडतील अशी भीती असते, पण ते नसल्यास जेडीके स्वतःच परत घालतो. ‘टेम्प’ आणि ‘युजरप्रोफाइल’ मात्र तुम्हालाच ठेवावी लागतात.

टक्केवारीच्या चिन्हांमधले नाव उलगडण्याचे काम विंडोजचे शेल ‘सीएमडी’ करतो, म्हणून तो मध्ये नसेल तर इथेही ती चिन्हे जशीच्या तशी पुढे जातात. ‘सीएमडी /सी’ वापरून एकाच ओळीत ‘सेट’ आणि त्यापुढे दोन ॲम्परसँड देऊन दुसरी कमांड लिहिणारे दोन ठिकाणी अडकतात. सीएमडी पूर्ण ओळ आधी वाचतो आणि टक्केवारीतली नावे त्याच वेळी उलगडतो, त्यामुळे त्याच ओळीत नुकतीच सेट केलेली किंमत तिथे दिसत नाही. आणि किमतीनंतर ॲम्परसँडच्या आधी सोडलेली मोकळी जागा किमतीचाच भाग बनते. मग फोल्डरचे नाव डोळ्यांना बरोबर दिसते आणि तरीही सापडत नाही. मॅपमध्ये किंमत ठेवली की या दोन्ही अडचणी उद्भवतच नाहीत, म्हणून विंडोजवर मी शेलपेक्षा मॅपच पसंत करतो.


प्रतिसाद
सदस्य: टंकलेखक

पोर्टचे कारण नेमके तेच निघाले. दोन्ही व्हेरिएबल्स काढल्यावर टूल व्यवस्थित चालते. सर्व्हिसची व्हेरिएबल्सही आता युनिट फाइलमध्ये आहेत. एकच गोष्ट उरली आहे: टूल शेवटी एक सारांश छापते आणि मी त्यातील आकडे वाचतो. माझ्या यंत्रावर दशांशाला टिंब येते, सर्व्हरवर स्वल्पविराम, आणि देवनागरी नावांच्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.


उत्तर
सदस्य: मुळापासून

दोन्हींचे मूळ लोकेलच्या, म्हणजे भाषा, आकडे आणि अक्षरे यांची पद्धत ठरवणाऱ्या, व्हेरिएबल्समध्ये आहे. ‘एलसी_ऑल’ असेल तर ते इतर सर्व ‘एलसी’ व्हेरिएबल्सवर मात करते आणि ‘लँग’चा विचार सर्वांत शेवटी होतो. आउटपुट प्रोग्रामने वाचायचे असेल तेव्हा लोकेल यंत्रावर न सोपवता मॅपमध्ये स्वतः ठरवावे. नुसते ‘सी’ लोकेल दिले तर दशांशाला टिंब मिळेल, पण देवनागरी नावांचा प्रश्न तसाच राहील. म्हणून ‘एलसी_ऑल’ला ‘सी.यूटीएफ-८’ ही किंमत द्यावी. ते लोकेल त्या यंत्रावर आहे का हे ‘लोकेल -ए’ या कमांडने पाहता येते.

वाचण्याच्या बाजूलाही तेवढीच काळजी घ्यावी लागते. जावा १८ पासून मूळ कॅरेक्टर-सेट यूटीएफ-८ आहे, त्याआधी तो लोकेलवरून ठरत असे. आणि जावा १७ मध्ये आलेली ‘इनपुटरीडर’ ही मेथड काही न सांगितल्यास यंत्राचे मूळ एन्कोडिंग धरते. त्यामुळे तिला ‘स्टँडर्डकॅरसेट्स’मधला यूटीएफ-८ उघडपणे द्यावा. आउटपुट वाचायचे असल्यामुळे वरच्या कोडमधली ‘इनहेरिटआयओ’ची ओळ काढून फक्त एरर प्रवाह ‘रीडायरेक्टएरर’ने पेरेंटकडे वळवावा, आणि ‘वेटफॉर’च्या आधी आउटपुट शेवटपर्यंत वाचून घ्यावे, तसे न केल्यास सारांश मोठा असेल त्या दिवशी पाइप भरेल आणि टूल व तुमचा प्रोग्राम दोघेही एकमेकांची वाट पाहत थांबतील.